लॅमिनेट फ्लोअरिंग फुगलं: दुकानदार म्हणतो फिटरची चूक, फिटर म्हणतो माल खराब

प्रश्न:
हॉलमध्ये ८ मिमीचं लॅमिनेट बसवलं. सांधे वर आलेत आणि मधल्या भागात पाय ठेवला की दबतं. मालाचं बिल दुकानाचं, मजुरीचं बिल फिटरचं. थोडी मजुरी द्यायची बाकी आहे. तक्रार कोणावर करायची? पुरावा काय लागेल?

उत्तर १:
आधी कारण शोधा, जबाबदारी त्यावरून ठरेल. एका बाजूचं स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) आणि दारातली पट्टी काढून बघा. लॅमिनेट दमट हवेत पसरतं, म्हणून चारही बाजूंना साधारण ८ ते १० मिमी गॅप ठेवतात. लॅमिनेटच्या पट्ट्या कुठेही टेकल्या असतील तर सगळं फ्लोअरिंग मधून उचललं जातं. भिंतीकडे गॅप असते, पण दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपाभोवती ती ठेवायची नेमकी राहून जाते. तिथे जरूर बघा. अशी चूक निघाली तर ती फिटरची.

गॅप ठीक असेल आणि खोलीभर पट्ट्यांच्या फक्त कडा फुगल्या असतील, तर ओल खालून येत असावी. सिमेंटच्या कोब्यावर ०.२ मिमीचा प्लास्टिक कागद हवा, जोडावर २० सेंमी एकावर एक घेऊन टेप लावलेला. तो नसेल तर हीसुद्धा बसवण्यातलीच चूक. फुगवटा फक्त सिंकजवळ किंवा बाल्कनीच्या दारापाशी असेल तर पाणी वरून मुरलंय, आणि ते वॉरंटीत सहसा बसत नाही.

मालाची परीक्षा सोपी आहे. उरलेल्या कोऱ्या पट्ट्या सपाट जागी जोडा. तिथेही सांधे खालीवर बसले किंवा लॉक (पट्ट्या एकमेकींत अडकवायची खाच) सैल लागलं, तर माल सदोष.

उत्तर २:
वरच्यात भर: दबतं म्हणजे बहुधा कोबा समतल नाही. २ मीटरची सरळ पट्टी ठेवून खालची फट मोजा. बऱ्याच कंपन्या ३ मिमीपर्यंतच चालवून घेतात. नेमका आकडा खोक्यातल्या सूचनापत्रकात असतो. ते पत्रक जपा, तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद तोच. खोक्यावरच्या बॅच नंबराचाही फोटो घ्या.

स्कर्टिंग आणि दारातल्या पट्टीपलीकडे काही उखडू नका. एकदा उखडलं की "तुम्हीच बिघडवलं" म्हणायला जागा मिळते. दोघांना एकाच मजकुराचं लेखी पत्र पाठवा: दोष काय, कधी दिसला, पाहणीला यायची तारीख, उत्तराची मुदत. फोटोत मोजपट्टी दिसू द्या. दुकानदार "कंपनीशी बोला" म्हणाला तर ऐकू नका, विक्री त्याने केली आहे. फिटर दुकानानेच पाठवला असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. दोघं टोलवाटोलवी करत राहिले तर दोघांशीही संबंध नसलेल्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्या आणि त्याची फी मागणीत धरा. ग्राहक तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा.

बाकी मजुरी गुपचूप अडवू नका. वादापुरती रक्कम राखून ठेवतोय, असं लेखी कळवा.

उत्तर ३:
ओलीसाठी, पाहणी होऊन पट्ट्या उचलल्यावर, कोब्यावर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून किमान १६ तास ठेवतात. खाली थेंब दिसले तर ओल नक्की. कोरडं दिसलं म्हणून मात्र ओल नाही असं सिद्ध होत नाही. वाद वाढला तर ओल मोजायच्या मीटरनेच मोजून घ्या.

मागणी मोघम ठेवू नका. पट्ट्या बदलणं, जुनं काढणं, स्कर्टिंग, फर्निचर हलवणं, सगळं लिहा. चारच पट्ट्या बदलून देतो म्हणाले तर आधी बॅच जुळवा, नाहीतर रंगातला फरक कायमचा राहील. "यापुढे कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर काम पूर्ण होण्याआधी सही देऊ नका.