मदत हवी आहे: स्टार्टअपमधून बंद केलेले प्रोग्रॅम पुन्हा उघडतात, पीडीएफचं डिफॉल्टही टिकत नाही

नमस्कार मंडळी,

घरात सगळ्यांचा मिळून एकच डेस्कटॉप आहे. विंडोज 11, रॅम 8 जीबी, हार्ड डिस्क जुनी. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसतो, पण नंतर बराच वेळ काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली असते.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून स्टार्टअपची (संगणक सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी काढली आणि ज्यांच्यापुढे 'हाय इम्पॅक्ट' होतं ते डिसेबल केले. व्हिडिओ कॉलचा, गाण्यांचा आणि प्रिंटरसोबत आलेला एक. अँटिव्हायरसला हात लावला नाही. तरीही व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम उघडतोच. यादीत 'डिसेबल्ड' आणि समोर त्याची विंडो! शिवाय एक अपडेटर (प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आणणारा) मागे चालू असतो, तो तर यादीत दिसतच नाही.

दुसरी अडचण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. बाबांना बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून पीडीएफ रीडरमध्ये मोठं अक्षर लावून दिलंय. डिफॉल्टही, म्हणजे फाइल आपोआप ज्यात उघडावी तो प्रोग्रॅमही, तोच ठेवलाय. माझ्याकडे फाइल नीट उघडते, ते बसले की ब्राउझरमध्ये. मग कुणीतरी उठून मदत करेपर्यंत त्यांचं वाचन अडतं.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) न शिरता हे जमेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
बाबांचं लॉगिन वेगळं आहे का? डिफॉल्ट अ‍ॅप्स प्रत्येक खात्यापुरती असतात, तुमच्या खात्यातलं सेटिंग त्यांना लागू होत नाही. त्यांच्या लॉगिनने आत जा, सेटिंग्ज > अ‍ॅप्स > डिफॉल्ट अ‍ॅप्स उघडा, वरच्या चौकटीत .pdf टाइप करा आणि रीडर निवडा.

व्हिडिओ कॉलचं कारण बहुतेक वेगळं आहे. सेटिंग्ज > अकाउंट्स > साइन-इन ऑप्शन्समध्ये खाली एक बटण आहे: बंद करताना उघडी असलेली अ‍ॅप्स लक्षात ठेवून पुढच्या साइन-इनला परत उघडायचं. ते चालू असेल, तर काही अ‍ॅप्स स्टार्टअपमध्ये डिसेबल असली तरी उघडतात. तेही प्रत्येक खात्यात पाहा.

प्रतिसाद २
अपडेटर सर्व्हिस म्हणून (विंडोजसोबत मागे चालणारा प्रोग्रॅम) किंवा टास्क शेड्युलरमधून (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजची सोय) चालत असणार. अशी कामं टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन वापरा, त्यात सगळं एकत्र दिसतं. आधी 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' करा म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदी बाजूला राहतील. मग नकोशा नोंदीची फक्त खूण काढा, डिलीट करू नका. काही बिघडलं तर खूण परत लावता येते. पण ब्राउझरचा किंवा पीडीएफ रीडरचा अपडेटर असेल तर चालू राहू द्या, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते.

आणि खरं सांगायचं तर विंडोज 11 हार्ड डिस्कवर रेंगाळतंच. जमेल तेव्हा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची जास्त वेगवान डिस्क) बसवा. स्टार्टअप कितीही आवरलं तरी तेवढा फरक पडणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! हो, बाबांचं खातं वेगळं आहे. तिथे .pdf ला रीडर लावला आणि फाइल मोठ्या अक्षरात उघडली. साइन-इनमधलं बटणही चालू सापडलं, बंद केल्यावर व्हिडिओ कॉल उघडायचा थांबला. अपडेटर प्रिंटरचा निघाला. त्याची खूण काढली तर स्कॅनिंग बंद पडेल का, एवढं कुणी सांगू शकेल?