मदत हवी आहे : गणित परिषदेत पहिल्यांदाच बोलायचंय, तेही इंग्लिशमधून

नमस्कार मंडळी, मी गडहिंग्लज तालुक्यात झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मानखुर्दला होमी भाभा केंद्रात गणित शिक्षकांची परिषद आहे, तिथे सहज म्हणून गोषवारा पाठवला आणि तो चक्क निवडला गेला! दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न. आनंद एक दिवस टिकला, आता पोटात गोळा.

विषय रोजचाच. पंचवीस सांगितलं की पोरं ५२ लिहितात. त्यांचं काय चुकलं, कानावर आधी पंच येतं मग वीस, हात तसाच चालतो. एकोणतीस म्हटलं की तीस ऐकून सरळ ३९. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा केवढा धुरळा उडाला, पार विधानसभेपर्यंत गेला विषय. मी गुपचूप दोन्ही पद्धती जोडीने शिकवत राहिले आणि श्रुतलेखनाच्या वह्या जपून ठेवल्या, तेच दाखवायचंय.

पण समोर सगळ्या राज्यांतले लोक. इंग्लिश वाचते, बोलताना ततपप होतं. आणि एकोणतीस ट्वेंटी-नाइन म्हणून सांगितलं की त्यातली सगळी गोमच जाते, मग सांगायचं तरी कसं?

शिवाय केंद्रप्रमुख म्हणतात किरकोळ रजा टाका. अशा कामाला कर्तव्यरजा मिळालीय का कुणाला? आणि मुंबईत उतरायचं कुठे, दादरला?

---

गणूमास्तर : मॅडम आधी अभिनंदन. निवडीचं पत्र जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं की सगळे नाहीच म्हणतात. मला तशीच मिळाली होती, आल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र जोडावं लागलं. इंग्लिशचं एवढं काय घेऊन बसलात, देवळालीचे गणिती कापरेकर शाळामास्तरच होते, १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत स्वतः शोधलेली ६१७४ या संख्येची गंमत घेऊन उभे राहिलेच ना.

हार्बरवाली : दादरला अजिबात नको! रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा, वाशीला उतरा, तिथून लोकलने पुढचंच स्टेशन मानखुर्द. मग रिक्षा. उगाच सगळी मुंबई फिरून परत येऊ नका.

सोलापुरी_चादर : ताई, एकोणतीसचं भाषांतर करूच नका. पडद्यावर शब्द तोडून लिहा, पंच + वीस, खाली ५ आणि २०. एकोण म्हणजे एक कमी, एवढं एक वाक्य पाठ करा, बाकी पोरांच्या वह्यांचे फोटो बोलतील. हिंदीवाल्यांना लगेच कळेल, त्यांचं पच्चीस, उनतीस असंच आहे. मजा दक्षिणेकडच्यांची, तमिळ, तेलुगू, कन्नड सगळीकडे आधी दशक. कानडीत इप्पत्तैदु, म्हणजे वीस-पाचच. सभागृहात त्यांनाच पंचवीस आपापल्या भाषेत म्हणायला लावा, तुमची दोन मिनिटं तिथेच सुटतील.

धागाकर्ती : अर्ज उद्याच देते, वाशी पक्कं. पण सोलापूरकर, तुम्ही भलताच किडा सोडलात डोक्यात. आमचं गाव सीमेवरचं, वर्गात दोन पोरं घरी कानडीच बोलतात. ती २५ उलटं लिहितात का नाही हे मी कधी वेगळं बघितलंच नाही!! वह्या शाळेच्या कपाटात आहेत, सकाळी पहिलं तेच काम.