मदत हवी आहे: एकच ओवी, तीन पाठ (रूपं), प्रबंधात कशी मांडू?

एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्राचा लघुप्रबंध लिहितेय. विषय: जात्यावरच्या ओव्या. भोर तालुक्यातल्या दोन गावांत 11 बायकांकडून 62 ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. सगळ्या जशाच्या तशा उतरवून झाल्यात, गाणाऱ्यांची संमतीही घेतली आहे.

अडचण वर्गीकरणाची. माहेर, भाऊ, लेक, पंढरी अशी प्रकरणं पाडली होती. पण एक आजी जिथे ‘बंधवाला’ म्हणतात, तिथेच शेजारच्या घरातल्या मावशी ‘इठ्ठलाला’ म्हणतात. बाकी ओळ तीच! मग ती भावाची ओवी की भक्तीची? तिसरीने तर दुसरी ओळच बदलली.

मार्गदर्शक म्हणतात, एक पाठ निवडून बाकीचे तळटीपेत टाक. करून पाहिलं, पण बायकांनी केलेला बदलच तळाशी गेला, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहातलं विषयवार वर्गीकरणही पाहिलं. पण तिथे ओव्या लाखावर, माझ्याकडे मोजक्या.

80 पानांची मर्यादा आहे, महिनाभरात जमा करायचाय. पुन्हा गावी जाणं शक्य नाही.

लोकसाहित्यावर प्रबंध लिहिलेल्यांनी सांगा: विषयवार प्रकरणं मोडून गाणारीनुसार पाडू, की विषय तसेच ठेवून पाठभेदांचं स्वतंत्र प्रकरण करू?