मुलांच्या मोबाईलमधून आरोग्य-संशोधन: परवानगी नक्की कुणाची?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माजघर

दोन आठवड्यांपूर्वी लेकीच्या अकरावीच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. किशोरवयीन मुलांची झोप, मन आणि मोबाईल असा काहीतरी अभ्यास. ॲप टाकायचं, तीस दिवस ठेवायचं, रोज रात्री दोन मिनिटांचे प्रश्न, शेवटी तीनशे रुपयांचं कूपन. ॲपला हवं काय? लोकेशन, स्क्रीन किती वेळ चालू, रात्री फोन कितीदा उचलला, कुठलं ॲप किती वेळ. माहितीपत्रक नऊ पानी आणि इंग्रजीत. खाली 'मी हे वाचले आहे' अशी चौकट आणि 'पालकांचा मोबाईल नंबर' असा रकाना. त्या नंबरवर ओटीपी येतो म्हणे. मला कुठलाही ओटीपी आलेला नाही.

लेकीला विचारलं, नऊ पानं वाचलीस का? "अगं आई, कोण वाचतं!"

मी संशोधनाच्या विरोधात नाही. पण अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलवरून परस्पर अभ्यासात ओढणं बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत या, पालकांना भेटा, कागदावर सही घ्या, मग हवं ते विचारा. दारात आलेल्या माणसाला आपण "कोण पाहिजे?" म्हणून विचारतो. हा मागच्या खिडकीतून थेट मुलीच्या उशाशी येऊन बसला.

आकडेमोड

+१, पण माझं कारण वेगळं. असल्या लिंकमधून येणारा विदाच (डेटा) मुळात कुचकामी. २०२३च्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाकडे पाहिलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे ॲपवरून 'महाराष्ट्रातली किशोरवयीन मुलं' शोधायला निघालात की हाती लागतो शहरातला, क्लासला जाणारा, बहुतेक मुलगा. मग पेपरात छापून येतं की मुलं रात्री दोनपर्यंत जागतात. कुठली मुलं बाबा?

दुसरं म्हणजे कूपन. एका ऑनलाइन सर्वेक्षणाचा विदा मी साफ करून दिला होता. शंभर रुपयांचं रिचार्ज ठेवलं होतं. एका रात्रीत चारशे उत्तरं आली, त्यातली निम्मी पहाटे तीन ते चार या तासात, आणि 'तुम्हाला काय वाटतं ते लिहा' या रकान्यात अक्षरशः तेच वाक्य तीसेक वेळा, तीच शुद्धलेखनाची चूक जपून. बॉट होते की रिचार्जला हपापलेलं एखादं होस्टेल, देव जाणे.

फिल्डवरची

बारा वर्षं घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षणं केली आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

माजघरताई, तुम्ही म्हणता तो दारातून येणारा माणूस म्हणजे मी. आता दाराच्या आत काय होतं ते ऐका. सतरा वर्षांची मुलगी समोर चटईवर. आई चुलीपाशी, पण कान इकडे. आजी खाटेवर. धाकटा भाऊ माझ्या फॉर्ममध्ये डोकं घालून. मी विचारते, "पाळीच्या वेळी काही त्रास?" मुलगी आईकडे बघते. आई म्हणते, "नाय, तिला काय त्रास नाय." मी 'नाही' वर गोल करते. झाला तुमचा विदा.

पुढे एका कामात टॅब आणि हेडफोन मिळाले. प्रश्न कानात ऐकू येणार, उत्तराला हिरवं किंवा लाल बटण, मलाही दिसणार नाही कुठलं दाबलं ते. एका मुलीने हेडफोन लावले, पहिले चार-पाच प्रश्न खुदखुदत सोडवले. मग थांबली. बराच वेळ थांबली. बटण दाबलं, आणि मान खाली घालून पुढचे सगळे प्रश्न एका दमात संपवले. काय दाबलं ते मला आजही माहीत नाही. पण तोंडाने विचारलं असतं तर तिथे 'नाही' आलं असतं, एवढं नक्की.

आणि कागदावरच्या सहीचं म्हणाल तर २००९-१० मधलं एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या) लशीचं प्रकरण आठवा. आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा, १० ते १४ वर्षांच्या मुली, 'पाथ' या संस्थेचा प्रकल्प. आंध्रात निवासी शाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वॉर्डनच्या सह्या होत्या. पुढे संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. (त्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले होते, चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. लशीबद्दल गैरसमज नको म्हणून हेही सांगते.) मुद्दा हा की तिथे ना ॲप होतं ना ओटीपी. कागद होता, शाई होती, शिक्का होता.

खडूफळा

'शाळेत या' हे वाचून हसू आलं. आमच्याकडे साहेबांचं पत्र आलं की मुख्याध्यापक सही करतात, मी वर्गात फॉर्म वाटतो आणि पोरं भरतात. 'नको' म्हणायची सोय आहे असं पत्रकात असतं, वर्गात नसते. एकाने विचारलं, "सर, याला मार्क आहेत का?" नाही म्हटल्यावर दुसरा म्हणाला, "मग नाव कशाला लिहायचं?" बाकीचा वर्ग तोवर नाव लिहून मोकळा झाला होता.

माजघर

@फिल्डवरची, तुमचं चटईवरचं वर्णन वाचून गप्प झाले. पण तुमच्या त्या टॅबमागे तुम्ही होतात ना? मुलगी थांबली हे तुम्हाला दिसलं. ॲपला काय दिसतं? 'उत्तर द्यायला लागलेला वेळ: ४० सेकंद'.

कलमबहाद्दर

थोडी कायद्याची बाजू, कारण इथे सगळे 'परवानगी' हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरत आहेत.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. साधारण सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, बारानंतर लेखी. म्हणजे आई 'हो' म्हणाली आणि मुलगी 'नको' म्हणाली तर विषय संपला. ही दुसरी बाजू पालक मंडळी सोयीस्करपणे विसरतात. काही नाजूक विषयांत नीतिमत्ता समिती (अभ्यासाला आधी मंजुरी देते ती) पालकांच्या संमतीतून सूटही देऊ शकते.

मग २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. त्यात मूल म्हणजे अठराखालचं. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला मनाई. मात्र संशोधनासाठी वेगळी सूट आहे, त्या विदावरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल काही निर्णय घेणार नसाल आणि ठरवून दिलेले निकष पाळणार असाल तर. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमांना दीड वर्षाची मुदत दिली. तेव्हा 'हे बेकायदा आहे' असं लगेच ओरडता येणार नाही. पण तीनशेचं कूपन दाखवून लोकेशन घेणाऱ्याने समितीला नेमकं काय सांगितलं होतं, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. माहितीपत्रकावर नीतिमत्ता समितीचा संपर्क असायला हवा. आहे का बघा.

तिसरी गोष्ट कुणीच काढली नाही: पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी राजीखुशीने ठेवलेला संबंधही कायद्याच्या लेखी गुन्हाच, आणि कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. आता ज्या ॲपकडे मुलीचा फोन नंबर आहे, त्याने तिला हा प्रश्न विचारला आणि तिने खरं सांगितलं, तर संशोधकाने काय करायचं? म्हणून बरेच जण प्रश्नच गाळतात. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचं मोठं सर्वेक्षण झालं, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात होती. तेव्हा असल्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर खूण करून पाकीट बंद करून द्यायची सोय ठेवली होती. त्या पाकिटात जेवढी गुप्तता होती तेवढी आजच्या कुठल्या ॲपमध्ये आहे, सांगा.

दीडशहाणा१९

काका-काकूंनो, आमच्याबद्दल चाललंय म्हणून मध्ये बोलतो.

दहावीच्या सुट्टीत असाच एक फॉर्म भरला होता. 'गेल्या दोन आठवड्यांत' म्हणून सुरू होणारे नऊ प्रश्न. झोप, भूक, कशात रस न वाटणं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल होता. मी 'जवळपास रोज' वर क्लिक केलं. तोपर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. घरी विचारायचे ते टक्के. आईची सही आणायला सांगितली असती तर मी तो फॉर्म उघडलाही नसता. तेव्हा 'आधी पालक' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, की ज्या पोराला सगळ्यात जास्त गरज आहे तेच पहिलं गळणार.

पण पुढचंही सांगतो. सबमिट केलं. स्क्रीनवर आलं: 'धन्यवाद. तुमचा प्रतिसाद नोंदवला गेला आहे.' मी वीसेक मिनिटं ते पान बघत बसलो होतो. काहीतरी होईल असं वाटत होतं. मेल, फोन, काहीतरी. मग झोपलो.

(आता बरा आहे. कॉलेजच्या समुपदेशक मॅडम चांगल्या निघाल्या.)

फिल्डवरची

बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. इतर कुणी वाचत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि हो, त्या फॉर्मवाल्यांचा मी बचाव करणार नाही. तो नववा प्रश्न ठेवायचा असेल तर त्याच रात्री फोन करणारं माणूस ठेवावं लागतं आणि त्याचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरावा लागतो. आणि असं उत्तर आलं तर आम्ही फोन करू, कदाचित घरच्यांनाही सांगू, हे मुलाला पहिल्या पानावर मराठीत सांगावं लागतं. हे सांगितलं की काही मुलं खोटं उत्तर देतील. देऊ देत. निनावी ठेवायचं असेल तर तो प्रश्न विचारू नका. दोन्ही हवं म्हणणारे खूप भेटतात.

रानवाटा

इथे एक जुनी गोष्ट. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गडचिरोलीतली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० बायका, आणि तपासणीत ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. आधी गावाशी बोलणं, मग तपासणी, मग तिथेच उपचार. ज्या विषयावर बायका आपसातही कुजबुजत, त्यावर त्या बोलल्या. ॲप बनवणाऱ्यांनी आधी दोन महिने तालुक्याच्या गावी राहून दाखवावं.

आकडेमोड

@रानवाटा, मान्य, पण हे उदाहरण दिलं की चर्चा थांबते. प्रत्येक तालुक्याला राणी बंग कुठून आणणार?

शिवाय मी वर फोनला झोडपलं असलं तरी एका बाबतीत त्याची बाजू घेतो. 'गेल्या महिन्यात सरासरी किती तास झोपलात?' या प्रश्नाला माणूस सात म्हणतो. मीही सातच म्हणेन. फोन सांगतो, एक वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन चालू होती. झोपेचा अभ्यास कागदावर करणं म्हणजे वजनकाट्याऐवजी "जाड वाटतोय का?" विचारणं. तेव्हा मोजायला फोन वापरा, माणूस निवडायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून सुरुवात केली आणि जन्मलेली मुलं तरुण होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. अशा घरांतल्या मुलाला उद्या झोप मोजणारा मनगटी पट्टा दिला तर तो कुणासाठी घालतोय हे त्याला ठाऊक असेल.

परदेशस्थ पाटील

आमच्याकडे अमेरिकेत मुलांच्या मेंदूच्या वाढीचा एबीसीडी नावाचा अभ्यास आहे. नऊ-दहा वर्षांची जवळजवळ ११,८८० मुलं घेतली, एकवीस केंद्रं, दहा वर्षं पाठपुरावा. पालकांची सही, मुलाचा होकार, आणि मनगटी पट्टा वगैरे नंतर. म्हणजे आकडेमोड म्हणतात तोच क्रम. पण त्याला लागणारा पैसा बघून आपल्याकडे घेरी येईल.

उलट टोकही इथलंच. २०१२च्या जानेवारीत फेसबुकने आठवडाभर ६ लाख ८९ हजार लोकांच्या पानावर दिसणाऱ्या मजकुराचा सूर बदलून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. लोकांना कळलं २०१४ मध्ये, शोधनिबंध आल्यावर. खातं उघडताना अटी मान्य केल्या होत्या, तीच संमती!

कलमबहाद्दर

म्हणूनच 'पडताळता येईल अशी' हे शब्द कायद्यात आले. नुसती टिचकी चालणार नाही. ओटीपी हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

माजघर

दोन दिवस उशिरा लिहिते आहे. तुमच्या सांगण्यावरून माहितीपत्रकात समितीचा संपर्क शोधला, आठव्या पानावर सापडला. मेल पाठवली. उत्तर सभ्य आलं: तुमच्या पाल्याचा सहभाग कधीही थांबवता येईल, विदा पुसून टाकू, आणि 'आमच्या नोंदीनुसार पालकांची संमती ओटीपीद्वारे पडताळलेली आहे'.

मी बसवलं लेकीला समोर. कुणाचा नंबर दिलास? आधी गप्प. मग म्हणाली, सायलीचा. आणि सायलीने पालक म्हणून कुणाचा दिला?

"माझा."

दोघी सोळा वर्षांच्या. कॅन्टीनमध्ये शेजारी बसून एकमेकींना ओटीपी वाचून दाखवले. ॲप काढू का विचारलं तर म्हणते, अजून अकरा दिवस राहिलेत, आणि काल रात्री त्याने विचारलं, 'आज कुणाशी मनातलं बोललीस का?'

काय उत्तर दिलंस, हे विचारायचं मी अजून धाडस केलेलं नाही.