यजमान कुटुंबाकडे राहून जुनी जर्मन गावे एका दिवसात कशी पाहावीत?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

माझी मुलगी जूनमध्ये चार आठवडे श्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबुर्गला एका जर्मन कुटुंबाकडे राहणार आहे. भाषेचा वर्ग सोमवार ते शुक्रवार असून शनिवार-रविवार मोकळे आहेत. हायडेलबर्ग, ट्युबिंगन, रोथेनबुर्ग अशा सात गावांची यादी तिने करून ठेवली आहे. एवढी गावे झेपतील का, आणि ज्यांच्या घरी उतरायचे त्यांना सोडून दर सुट्टीला बाहेर पडणे बरे दिसेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (सातारा)

मी याच भागात एका कुटुंबाकडे तीन महिने राहिलो आहे. सात गावांचा हट्ट सोडावा, असे मी मनापासून सांगेन. पहिल्या रविवारी जवळचे एसलिंगेन पाहावे आणि यजमानांनाही सोबत येण्याचा आग्रह करावा. आपले गाव कुणी आवडीने पाहत आहे, याचा त्यांना फार आनंद होतो. तिथे चौदाव्या शतकातील लाकडी सांगाड्याची घरे आजही उभी आहेत. जाड तुळयांची चौकट, मधल्या चौकोनांत मातीची भर आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, अशी ती रचना पाहताना मला वाईच्या वाड्यांची आठवण झाली होती. ट्युबिंगनला श्टुटगार्टला गाडी बदलून जाता येते. तिथले विद्यापीठ १४७७ सालचे आहे, आणि नदीकाठच्या ज्या पिवळ्या मनोऱ्यात कवी होल्डरलिन १८०७ पासून १८४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला, तो मनोरा पाहता येतो.

प्रवासासाठी महिनाभराचे डॉइचलांड तिकीट घ्यावे. ते प्रादेशिक गाड्या, लोकल आणि बस यांत चालते, जलद आंतरशहर गाड्यांत मात्र चालत नाही. हे तिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहते, म्हणून चालू महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ते रद्द करण्याचे ध्यानात ठेवावे.

घरच्यांचे म्हणाल, तर बाहेर पडण्याला त्यांची हरकत नसते. रात्रीच्या जेवणाला आहोत की नाही, एवढे सकाळीच सांगणे त्यांना महत्त्वाचे वाटते. एकदा माझी जोडगाडी चुकली आणि मी फोन केला नाही. रात्री दहाला पोहोचलो, तेव्हा टेबलावर पाव, चीज आणि काकडीच्या चकत्या ताटलीखाली झाकून ठेवलेल्या होत्या आणि काकू जाग्या होत्या. त्या एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, पण मला फार अपराधी वाटले.

उत्तर (मिरज)

हायडेलबर्ग यादीतून काढू नका. तिथला किल्ला फ्रेंच सैन्याने मार्च १६८९ मध्ये पेटवला, म्हणजे इकडे छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान झाले त्याच महिन्यात. १६९३ मध्ये तो पुन्हा उद्ध्वस्त झाला आणि १७६४ मध्ये उरलासुरला भाग विजेने जळाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या कुणालाही ते भग्न बुरूज आपलेसे वाटतील. शिवाय खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या यांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर याच गावच्या विद्यापीठात शिकवत असत. ज्या लेकराने पालीची आणि आरेवाडीची यात्रा पाहिली आहे, तिने हे जाणून त्या रस्त्यांवरून चालावे, असे मला वाटते.

उत्तर (तासगाव)

रोथेनबुर्गसाठी मात्र एका बाजूचाच प्रवास जवळपास तीन तासांचा होतो आणि गाड्याही दोन-तीनदा बदलाव्या लागतात, म्हणून सकाळी लवकर निघून तेवढे एकच गाव पाहावे. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिथली तटबंदी मोठ्या प्रमाणात पडली होती. देणगीदारांच्या पैशांतून ती पुन्हा बांधली गेली, आणि तटावरच्या छपराखालील वाटेने चालताना भिंतीत त्यांच्या नावांचे दगड बसवलेले दिसतात. मी ती नावे वाचत इतका रेंगाळलो की बाजारचौक पाहायला जेमतेम अर्धा तास उरला, आणि तरीही तो दिवस वाया गेला असे मला वाटले नाही. रविवारी तिथली बहुतेक वाणसामानाची दुकाने बंद असतात, त्यामुळे घरून पाव-चीज बांधून न्यावे.

प्रश्नकर्ती

आपल्या सर्वांची मी आभारी आहे. आज मुलीसोबत बसून यादी चार गावांवर आणली: एसलिंगेन, ट्युबिंगन, हायडेलबर्ग आणि शेवटच्या शनिवारी रोथेनबुर्ग. पहिल्या रविवारी माझ्यासोबत एसलिंगेनला याल का, असे विचारणारे पत्र ती यजमान काकूंना स्वतः जर्मनमध्ये लिहीत आहे.