मदत हवी आहे : संचालक मंडळातील महिला आणि आर्थिक अहवालांची गुणवत्ता

अडलेला_संशोधक : मंडळात महिलांचे प्रमाण वाढले की नफ्याच्या आकड्यांतील फिरवाफिरव कमी होते, हे मला प्रबंधात दाखवायचे आहे. साध्या रिग्रेशनमध्ये (दोन गोष्टींतील संबंध मोजण्याची सांख्यिकी पद्धत) संबंध ठळक दिसतो. कंपनी आणि वर्ष यांचे फिक्स्ड इफेक्ट घातले, म्हणजे प्रत्येक कंपनीचे कायमचे वेगळेपण आणि प्रत्येक वर्षाचा सर्वांवरचा समान परिणाम बाजूला काढला, की तो नाहीसा होतो. सोमवारी मसुदा द्यायचा आहे. कोणते मॉडेल वापरावे, एवढेच कृपया सांगावे.

ताळेबंद : कोणता देश, कोणती वर्षे आणि फिरवाफिरव मोजली कशी? बँका नमुन्यात असतील, तर त्या आधी वगळाव्यात.

अडलेला_संशोधक : अर्थातच भारत. २०११ ते २०१९, प्रॉवेस या कंपन्यांच्या आर्थिक माहितीसंचातील सूचिबद्ध कंपन्या, सुधारित जोन्स मॉडेलने काढलेले अपेक्षेबाहेरचे अ‍ॅक्रुअल (रोख हाती न येता-जाता नफ्यात धरलेल्या रकमा). बँका नाहीत.

निवृत्त_लेखापरीक्षक : मॉडेलने काय साधणार? सत्यम या संगणक कंपनीच्या मंडळावर हार्वर्डचे लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि एक महिला स्वतंत्र संचालकही होत्या. तरीही जानेवारी २००९ मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. बँकेकडून शिल्लक थेट लेखी मागवण्याचे काम विविधतेने होत नाही, लेखापरीक्षकाने ते करावे लागते.

ताळेबंद : काका, एका घोटाळ्यावरून हजार कंपन्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. धागाकर्त्याची अडचण वेगळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने आणि सेबीच्या नियमांनी सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे बंधनकारक केले आणि त्यासाठीची मुदत १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली गेली, त्यामुळे बहुतेक कंपन्यांमध्ये शून्याचे एक होणे जवळजवळ एकाच काळात घडले. साहजिकच तो बदल वर्षाच्या फिक्स्ड इफेक्टमध्येच विरून जातो. त्यातच १ एप्रिल २०१६ पासून इंड एएस ही नवी भारतीय लेखा मानके टप्प्याटप्प्याने लागू झाल्याने अ‍ॅक्रुअलची पातळीही बदलली. आधीपासून महिला संचालक असलेल्या कंपन्या आणि मुदतीपायी नेमणूक करावी लागलेल्या कंपन्या यांची तुलना करावी.

उत्तरध्रुव : मी तर म्हणेन, नॉर्वेचाच अभ्यास करावा. तिथे ४० टक्क्यांचा नियम आहे.

ताळेबंद : प्रबंध भारतावर आहे.

निवृत्त_लेखापरीक्षक : तुलना अवश्य करा, पण नेमलेली महिला कोण, हेही पाहा. मुदत संपत आली तेव्हा अनेक प्रवर्तकांनी घरातल्याच पत्नीला किंवा मुलीला मंडळावर बसवले. मी तपासलेल्या एका कंपनीत तर त्या बाई सभेला येऊन चहा होताच निघत. पुढे सेबीला आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून स्वतंत्र महिला संचालकाची अट घालावी लागली, ती उगाच नव्हे.

ताळेबंद : या मुद्द्यावर मात्र काकांशी सहमत आहे. स्वतंत्र महिला, प्रवर्तकांच्या नातलग महिला आणि लेखापरीक्षण समितीवरील महिला, अशी तीन वेगळी चलपदे करा. आपल्या फाइलमध्ये नातेसंबंधाची नोंद आहे का?

अडलेला_संशोधक : नाही. फक्त ‘महिला : होय किंवा नाही’ एवढाच रकाना आहे. ते महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

ताळेबंद : संचालकांची आपसांतील नाती वार्षिक अहवालाच्या कंपनी प्रशासन विभागात छापलेली असतात. समितीचे सदस्यही तिथेच सापडतील.

अडलेला_संशोधक : म्हणजे प्रत्येक कंपनीचे अहवाल हाताने उघडायचे. मार्गदर्शकांकडे मुदत मागतो.