आई-बाबांना घेऊन पीक डिस्ट्रिक्ट, तीन दिवसांत काय जमेल?

ढगाळ_दुपार:
नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटी आईबाबा माझ्याकडे मँचेस्टरला येतायत. लंडन मागच्या वेळी झालंय आणि बाबांनी फोनवरच बजावून ठेवलंय की आता गर्दी नको, डोंगर दाखव, म्हणून पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे मँचेस्टरजवळचा डोंगराळ भाग ठरवलाय, तीन दिवस. पण दोघांची तोंडं दोन दिशांना. बाबा ६८ वर्षांचे, जन्मभर गडकिल्ले फिरलेला माणूस, अजून रोज पाच-सहा किलोमीटर चालतात. आईचा गुडघा चढ आला की बोंबलतो, तिला जुने वाडे, बागा, चर्च आणि संध्याकाळी एखादं नाटक नाहीतर गाणं असलं की खूश. मी इकडे गाडी चालवत नाही. कॅसलटनला राहू की बक्स्टनला? चॅट्सवर्थ, मॅम टॉर, किंडर स्काउट, ईम, गुहा, बेकवेल असं सगळं लिस्टमध्ये आहे, जमेल का?

पायवाट_मावशी:
लिस्ट वाचूनच दम लागला. आठवड्याचा ऐवज तीन दिवसांत कोंबू नका, आईबाबा तोंडाने काही बोलणार नाहीत पण फोटोत चेहरे दिसतील.

राहायला बक्स्टन, डोळे मिटून. कॅसलटन देखणं आहे पण संध्याकाळी तिथे पब सोडून काही नाही आणि काकूंना नाटक हवंय. बक्स्टनचं ऑपेरा हाऊस १९०३चं, फ्रँक मॅचम या आर्किटेक्टचं, लंडनचं पॅलेडियम आणि कोलिसियमही त्याचंच. इथे मात्र खुर्च्या नऊशेच्या आसपास, त्यामुळे मागे बसलं तरी नटाच्या भुवया दिसतात. नावावर जाऊ नका, ऑपेराच असतो असं काही नाही, नाटक, कॉमेडी, गाण्यांचे कार्यक्रम सगळं चालतं. जुलैत तिथे मोठा फेस्टिवल असतो, १९७९ पासूनचा, तारखा थोड्या पुढे ढकलता आल्या तर बघा, फक्त तेव्हा रूमचे भावही चढतात.

थिएटरपासून दोन मिनिटांवर क्रेसेंट, पाचव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने १७८०च्या दशकात बांधून घेतलेली अर्धगोल इमारत, बाथ शहराशी चुरस म्हणून. तिच्यासमोर सेंट ॲन्स वेल, बारा महिने कोमट पाणी वाहतं, २७-२८ अंशाचं, फुकट, गावातले लोक कॅन घेऊन भरायला येतात. काकू तांब्या शोधणार बघा.

चॅट्सवर्थचा मोठा वाडाही त्याच ड्यूक घराण्याचा. त्याला एक अख्खा दिवस द्या, बसने बेकवेलवरून. आतलं तिकीट महाग आहे पण नदीकाठचं पार्क फुकट आणि बरंचसं सपाट, गुडघ्याला चालेल. बागेतलं एम्परर कारंजं बघाच. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून सहाव्या ड्यूकने माळ्याकडून, म्हणजे जोसेफ पॅक्स्टनकडून (तोच तो, पुढे लंडनच्या काचेच्या क्रिस्टल पॅलेसवाला) घाईघाईत करून घेतलं, वर डोंगरावर तळं खणलं आणि पंपबिंप काही नाही, नुसत्या उताराच्या दाबावर पाणी उडतं. झार काही आला नाही. आणि पार्कातलं एडन्सर गाव (म्हणताना 'एन्झर') बघून या, जुनं गाव घरातून दिसायचं ते या ड्यूकसाहेबांना खुपलं, मग बरंचसं पाडून पलीकडे नवीन बांधलं. श्रीमंतांचे नखरे.

चिखल_बूट:
वरच्या ताईंचं सगळं पटलं, पण बाबांवर अन्याय होतोय हो. एक दिवस बाप-लेक डोंगराखालच्या एडेल गावाला जा, काकूंना बक्स्टनच्या पॅव्हिलियन गार्डन्समध्ये चहा पिऊ द्या.

आता एक गोम सांगतो जी नकाशात कळत नाही. बक्स्टनची रेल्वे लाइन वेगळी आणि एडेलवाली होप व्हॅली लाइन वेगळी, गावं शेजारी-शेजारी दिसतात पण थेट ट्रेन नाही. तोडगा असा की न्यू मिल्स नावाच्या गावात दोन्ही लाइनींची स्टेशनं आहेत, न्यूटाउन आणि सेंट्रल, मधलं अंतर पंधरा-वीस मिनिटं चालत, तिथे बदला.

एडेलहून हॉलिन्स क्रॉसला चढायचं, मग धारेवरून मॅम टॉर, ५१७ मीटर, वाटेवर फरशा घातल्यात. माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याची तटबंदी आहे, मातीचे बांध फक्त, पण गडप्रेमी माणसाला पुरे. डोंगर सतत घसरतो म्हणून खालचा मोठा रस्ताच १९७९ मध्ये कायमचा बंद केला, त्याचे तुटलेले डांबरी थर अजून तसेच लोंबकळतायत, बाबांना दरवाजे-बुरुजांपेक्षा हे आवडेल. मग कॅसलटनला उतरा, अंगात जोर असेल तर ब्लू जॉन नावाच्या रंगीत दगडाची गुहा, आणि होप स्टेशनवरून परत.

किंडर स्काउट या वेळी राहू द्या. ६३६ मीटर ऐकून मी पण हसलो होतो, आपल्याकडचा कुठलाही मध्यम गड याच्यावर. पण वर टोकबिक नाहीच, नुसतं काळ्या पीटचं (कुजलेल्या झाडोऱ्याच्या दलदली मातीचं) अवाढव्य पठार, आणि धुकं आलं की चारही दिशा सारख्या. मी नोव्हेंबरात गेलो, हिरवं दिसलं तिथे पाय ठेवला आणि मांडीपर्यंत आत, बूट काढायला मित्राने खांद्याला धरून ओढलं.

पण गोष्ट बाबांना सांगाच. हे सगळे डोंगर ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी बंद ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार हेफील्ड गावावरून मुद्दाम घुसून किंडरवर गेले, पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. पाच जणांना तुरुंगवास झाला. आणि १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं ते हेच पीक डिस्ट्रिक्ट.

ढगाळ_दुपार:
मावशी, चिखल_बूट, खूप थँक्यू! किंडर कटाप. बाबांना विचारलं तर म्हणाले मांडीपर्यंत चिखल आम्ही पावसाळ्यात फुकट बघतो. ईमचं काय मग, आणि ते फुलांचं काहीतरी असतं ना विहिरींवर? दोघंही शाकाहारी आहेत, तेही सांगा.

पायवाट_मावशी:
हो, वेल ड्रेसिंग. लाकडी चौकटीत ओली माती थापतात आणि त्यावर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक दाबून चित्र करतात, जवळ गेल्याशिवाय रंगवलेलं नाही हे कळत नाही. रांगोळीवाल्या बायकांना दाखवायचीच गोष्ट. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या तारखांना असतं, टाइड्सवेलचं जूनच्या शेवटाकडे, तुमच्या तारखांत बसेल. तिथलं चौदाव्या शतकातलं चर्चही काकूंना आवडेल, इवल्याशा गावात एवढं मोठं, त्याला लोक पीकचं कॅथीड्रल म्हणतात.

ईमला गेलात तर हसतखेळत जायचं ठिकाण नव्हे ते. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून प्लेग आला असं सांगतात, आणि रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री, विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, आजार शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. वेशीवरच्या दगडात भोकं आहेत, त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे. अडीचशेच्या वर माणसं गेली. घरांवर पाट्या आहेत, कोणत्या घरातलं कोण गेलं. मी लॉकडाऊननंतर गेले होते, दोन पाट्या वाचल्या आणि पुढे वाचवेना.

खाण्याचं म्हणाल तर पबमध्ये शाकाहारी एक-दोन पदार्थ असतातच, पण दुपारचं किचन अडीच-तीनला बंद झालं की मग चिप्सची पाकिटं. बेकवेल पुडिंगमध्ये अंडं असतं, काकूंना आधी सांगा. (पुडिंग आणि टार्ट एक नाही, बेकवेलमध्ये तसं म्हणू नका.)

चिखल_बूट:
आणि शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा, रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं. मी टाइड्सवेलच्या स्टॉपवर पाऊण तास उभा होतो, शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या आजीबाईंनी सांगितलं की आजची कधीच गेली.